कोरी राहिलेली पट्टी

सत्यवान माझ्या शिंपीकामाच्या दुकानात फळीवर बसून घाम पुसत होता आणि माझ्या पोटात हसू मावत नव्हतं. दुसऱ्याला शिंक आली तरी हा काढा घेणार. साखर तपासून देतो म्हणालो म्हणून त्यानं भीतभीत आणलेली लघवी मी मागे मोरीत ओतली आणि बाटलीत ग्लुकोजचं पाणी भरलं. आता कागदाची पट्टी बुडवायची, ती जांभळी व्हायची, की मालवणच्या बाजारात आठवडाभर हशा.

पट्ट्या माझ्या बायकोच्या, आनंदीच्या. तिला साखरेचा आजार. एकसष्ट साली मेव्हण्यानं मुंबईहून पाठवल्या. टोकाला कसलंसं एन्झाइम पातळ थरात सुकवून बसवलेलं. डॉक्टर म्हणाले, दह्याच्या विरजणासारखं समजा. ग्लुकोजच्या पाण्यात बुडवून दाखवली, तर बघता बघता जांभळी. लघवीत साखर असली की तसंच होणार, मग इन्सुलिनची सुई टोचायची. कोरी राहिली तर नको.

सगळा आषाढ पट्टी कोरीच. बाई खूश. भात पोटभर, सुई डब्यात.

मी पट्टी बुडवली. रंग नाही. दुसरी बुडवली. नाही. आणखी ग्लुकोज ओतलं, बोटानं ढवळलं, पुन्हा बुडवली. तशीच.

"काय झाला रे? माका साखर आसा?" सत्यवानचा आवाज कापत होता.

"तुका काय्येक नाय. घराक जा."

माझं तोंड बघून तो जास्तच घाबरला.

पट्ट्यांची बाटली माझ्या हातात अजून कोमट होती. डॉक्टरांनी ओलीपासून जपायला सांगितलेलं, म्हणून आनंदीनं ती चुलीवरच्या शिंक्यात ठेवलेली, मीठ आणि सुक्या बांगड्यांशेजारी. रोजच्या धगीनं विरजण मेलं होतं. कधी, कोण जाणे. ती घागरी घागरी पाणी पीत होती, दिवसा पेंगत होती, आणि मी तिला विहीर आटवशील म्हणून चिडवत होतो.

आत धावलो. ती भाताचं ताट घेऊन भिंतीला टेकली होती. डोळे जड.

"भात खाव नको गो. कागद मेले हत सगळे. तुझी साखर उतरूकच नाय."

ती हसली. लग्नापासून माझ्या थापाच ऐकत आलेली. "आज माझी पाळी काय?"

हात लटपटायला लागले, ते मी काखेत दाबले. तिनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग तिनं ताट बाजूला सारलं, त्यावर झाकण घातलं.

"मगे सुई उकळूक ठेवा," ती म्हणाली.

मला काडी पेटवता येईना. जाळ तिनंच केला.