कुलपातली भिंगं

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि आज माझा पारा चढलेला आहे. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझी भिंगे घासणाऱ्या कारागिराने मला खोक्यात ठेवताना म्हटले होते, "जा बाबा, भरपूर बघ." मी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत आलो. सुरुवातीची वर्षे मजेत गेली. रक्त, थुंकी, शौच, तळ्याचे पाणी, मी कशालाच नाक मुरडले नाही. ज्याला काम असे तो येऊन डोळा लावी आणि माझे कौतुक करी.

मग नवे मोठे डॉक्टर आले. माझ्या एका भिंगावर ओरखडा दिसताच त्यांनी मला काचेच्या कपाटात कोंडले. किल्ली त्यांच्या खिशात! पाहुणे आले की मला बाहेर काढायचे, पुसायचे, फोटो काढायचा आणि पुन्हा आत. शोभेची बाहुली करून टाकली माझी.

एका उन्हाळ्यात तळ्याकाठच्या वस्तीतल्या मुलांना रक्ताची हगवण लागली. प्रयोगशाळेत तपासण्या करणाऱ्या ताईंचा भाचाही त्यांत होता. मी कुलपात, दुसरा सूक्ष्मदर्शक नाही, म्हणून नमुने दूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जात. अहो, अशा हगवणीचा जंतू, अमीबा, शौच ताजे असेपर्यंतच हलताना दिसतो! दिवसभर गाडीत उकडल्यावर काय दिसणार, कपाळ? "काही आढळले नाही," असा अहवाल येई आणि चुकीचे औषध चालू राही. मी त्याच खोलीत होतो. दात असते तर दातओठ खाल्ले असते.

शेवटी ताई मोठ्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या. "सर, किल्ली द्या."

"अहो, बिघडला तर? दुसरा मिळायचा नाही."

"भाचाही दुसरा मिळायचा नाही, सर."

डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली. ताईंनी ताजा नमुना माझ्याखाली ठेवला आणि ओरडल्याच, "हा बघा, सरकतोय!" त्याच दिवशी औषध बदलले. भाचा उठून बसला. मग तळ्याचे पाणीही आम्ही तपासले. फुटलेल्या गटाराचे पाणी त्यात मिसळत होते. ते गटार दुरुस्त केले आणि नवे रुग्ण थांबले.

आता मी उघड्या टेबलावर असतो. मला जपा, पण वापरून जपा. भिंगे पुसा, झाकण घाला, कुलूप मात्र घालू नका.

भाच्याच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती. किल्ली निघाली त्याच्या आदल्या दिवशी ती गेली. परवा तिची आई आली होती. माझ्याकडे बोट दाखवून तिने विचारले, "हे तेव्हा कुठं होतं?"

मित्रांनो, तुम्हीच सांगा, तिला काय उत्तर द्यायचे?