मुख्य चालक

गाडीच्या विम्याचा हप्ता एकदम दीडपट झाला आणि नवरा म्हणाला, अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सांगून गाडी विकून टाकू. जेवताना मीठ मागावं तितक्या सहज म्हणाला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचे हातपाय हलते करते. घडीचं टेबल, वजनं, पट्टे सगळं डिकीत असतं. गाडी गेली की माझं काम गेलं.

खरं सांगायचं तर भीतीच्या आधी मला प्रश्न पडला. का वाढला? गाडी तीच, आम्ही तेच, वर्षभरात साधा ओरखडा नाही. एखाद्या गोष्टीचं कारण कळलं नाही की माझ्या डोक्यात भुंगा शिरतो. नवऱ्याने "महागाई" म्हणून हात झटकले. महागाई हे काही कारण नव्हे, तो बोलणं संपवायचा शब्द आहे.

मग मी दिसेल त्याच्या खनपटीला बसले. शेजारणीची गाडी अगदी आमच्यासारखी, तरी तिचा हप्ता कितीतरी कमी. मला वाटलं, आमची लाल आहे म्हणून असेल. गॅरेजवाला हसला. रंगाशी विमावाल्यांना काही देणंघेणं नसतं, ते इंजिनाची ताकद बघतात, सुटे भाग किती महाग ते बघतात, म्हणाला. शेजारीण म्हणाली, तिची गाडी रात्री कुलपात असते आणि आमची रस्त्यावर. हे मला पटलं, पण आमची तर गेल्या वर्षीही रस्त्यावरच होती.

शेवटी विमा कंपनीचं ऑफिस गाठलं. काउंटरवरच्या बाई बहुधा असं कुणी विचारणाऱ्याची वाटच बघत होत्या. गाडी किती फिरते, कशासाठी फिरते, आधी कितीदा भरपाई मागितली, यावर हप्ता ठरतो, असं त्या सांगत गेल्या. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चालवतं कोण. अगदी कोवळा असला तर महाग, फार वय झालेला असला तरी महाग.

"तुमच्याकडे मुख्य चालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत," त्या म्हणाल्या. "मग वाढणारच की."

म्हणजे अप्पा! डोळ्यांनी दगा दिल्यापासून त्यांनी गाडी चालवलेली नाही. रोज सकाळी पुसतात, मग चालकाच्या सीटवर बसून रेडिओ ऐकतात आणि उतरताना किल्ली माझ्या हातात देतात. मध्यंतरी कंपनीतून माहिती विचारायला फोन आला, तो त्यांनीच घेतला होता. मुख्य चालक कोण? आमच्या घरात मुख्य म्हटलं की अप्पाच. ते दुसरं काय सांगणार?

मला तिथेच हसू फुटलं. माझं नाव लावलं तर हप्ता जवळपास पूर्वीइतका होईल, असं बाई म्हणाल्या. पण गाडी अप्पांच्या नावावर, त्यामुळे बदल त्यांनीच सांगायला हवा. तेव्हा माझं हसू मावळलं. चालवणं सुटलं तेव्हा हा माणूस कितीतरी दिवस कुणाशी धड बोलला नव्हता. आता उरलंसुरलं मी काढून घ्यायचं, म्हणजे जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाडीत रेडिओ ऐकत होते. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि काही न लपवता सगळं सांगितलं. गाडी विकायचं घाटतंय, हेही सांगितलं. अप्पांनी रेडिओ बंद केला. बराच वेळ ते काचेवरचा एक डाग अंगठ्याने घासत राहिले. मला स्वतःचाच राग यायला लागला.

"लाव फोन," ते म्हणाले.

मी लावून दिला. त्यांनी घसा साफ केला.

"मुख्य चालक माझी सून. हो, तीच चालवते. बरी चालवते." मग जरा थांबून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आणि शेजारच्या सीटवर एखादा म्हातारा बसला, तर त्याचे जास्त पडतात का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. अप्पांनी फोन परत दिला, दार उघडून उतरले आणि गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

"नाही पडत," ते म्हणाले. "सरक तिकडे."