गाय आडवी आली नव्हती

"डोळे मिटा," पाळक आसाराम म्हणाले. पत्र्याच्या खोलीत प्रार्थनेला जमलेल्या पंधरा-वीस जणांनी डोळे मिटले. सटवाने मिटले नाहीत. मिटले की रस्ता दिसायचा.

वर्ष झालं होतं. चौसाळ्याहून बीडला पॅसेंजर नेताना त्याची जीप उलटली आणि गावातल्या तानाजीची बायको रतनबाई गेली. "गाय आडवी आली," असा जबाब त्याने ठाण्यात दिला. सगळ्यांनी मानला. तेव्हापासून त्याने स्टेअरिंगला हात लावला नव्हता. भाकरीला चव लागत नव्हती. सख्खा चुलता गेला तरी रडू आलं नाही. शेजारची कडूबाई दर रविवारी ओढून आणायची म्हणून तो इथे यायचा, गाणी ऐकायचा, निघून जायचा.

आज मात्र प्रार्थना संपल्यावर तो मागे राहिला.

"येशू समद्यांला माफ करतो म्हंता. मंग मला कायच कावून वाटत न्हाई?"

आसारामांनी हातातलं बायबल मिटलं.

"गाय न्हवती," सटवा म्हणाला. "मला डुलकी लागलती."

आसाराम म्हणाले, "हे तानाजीला सांग. येशू संगं येईल."

सटवा तानाजीच्या घरी पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. तानाजी गोठ्यात म्हैस पिळत होता. सटवाने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. दुधाची धार थांबली.

"ठावं हाय मला," तानाजी मागे न बघता म्हणाला. "दवाखान्यात दोन तास शुद्धीत व्हती ती. म्हनली, डायवर लई दमलेला व्हता, त्याला डोळा लागला. त्याला काय बोलू नका."

"मंग तुमी गप कावून बसला?"

"तिनं माफ केलं. मला जमलं न्हाई. तू कवा येतू, ते बघत व्हतो."

"उद्या ठाण्यात जातो. जबाब बदलतो."

तानाजीने पातेलं पुन्हा गुडघ्यांत धरलं. खुंट्याला बांधलेली वगार, म्हशीचं पिल्लू, दुधासाठी दाव्याला हिसके देत होती.

"धर तिला," तो म्हणाला.

सटवाने दावं धरलं. वगारीने मान वळवून त्याचं मनगट चाटलं. जीभ ओली होती, खरखरीत होती. तो मनगटाकडे बघत राहिला.

पातेल्यात पुन्हा धार वाजू लागली.