सगुणाच्या डोक्यावरची चुंबळ

मी एक जुनी चुंबळ आहे. मित्रांनो, डोक्यावरची पाटी टोचू नये म्हणून मधे ठेवतात ती कापडाची गोल गुंडाळी म्हणजे मी. वर्सोव्याच्या सगुणा कोळणीने आईच्या फाटक्या लुगड्यातून मला वळले. रोज सकाळी तिच्या डोक्यावर मी, माझ्यावर मासळीची पाटी, अशी आमची फेरी अंधेरीच्या चाळींत निघे. ती पाटीला हातसुद्धा लावत नसे. बायका कौतुकाने बघत आणि मी उगीच फुगत असे.

१९८३ साली नारळी पुनवेनंतर होड्या नुकत्याच सुटल्या होत्या. एका चाळीच्या जिन्यापाशी सगुणाचे डोके माझ्याखाली अचानक गरगरले. पाटी, पापलेटे आणि मी, सगळी गटारात.

ती चक्कर मग गेलीच नाही. डॉक्टरांनी रक्त, कान, डोळे तपासले. म्हणाले, "काही नाही तुम्हाला." सासू पुतळाबाईंनी मीठमिरच्या ओवाळल्या. मग तिचा नवरा बळवंत म्हणाला, "ह्या ओझ्यानंच झालाय. पाटी बंद." सगळ्यांना पटले. मलाही पटले. कित्येक दिवस खुंटीवर लटकून मी स्वतःलाच दोष देत होते.

पण ओझे उतरले तरी चक्कर उतरली नाही. उलट डोक्यात धुके भरले. बोंबील वाळत घालता घालता ती मधेच थांबे. हातातल्या माशाचे काय करायचे ते तिला आठवत नसे. डोळे मिटून मासा ओळखणारी ती, तिला मांदेलीचे नाव सुचेना. पुतळाबाई म्हणू लागल्या, "खाते, पिते, तोंडावर तेज हाय. कामाचा कंटाला, दुसरा काय नाय!"

आता तीन वर्षे झाली. दुपारी ती मला उशाला घेऊन पडते. जमीन होडीसारखी हलते म्हणून एक हात भिंतीला लावून ठेवते.

परवा तिने मला हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि मुलीला विचारले, "कमळ, ह्याला काय म्हन्तान गो?"

कमळला थट्टा वाटली. ती खो खो हसली. मग सगुणाही हसली, पण मला तिने हळूच पदराखाली लपवले. त्या दिवशी पुन्हा तिच्यासोबत फेरीला निघायची माझी आशा संपली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी डोके धरून बसले, तर 'काही नाही तुला' असे म्हणू नका. ते डोके खरेच फिरते, मी त्यावर बसले आहे. पण मला कोण विचारणार? तुम्ही तिलाच विचारा, आणि तिला शब्द सापडेपर्यंत थांबा.