गाडी कोणत्या सालची?

हायलची गाडी कोणत्या सालची, या प्रश्नाला त्याच्या घरात एक उत्तर कधीच मिळालं नाही. कागदोपत्री ती दोन हजार सहाची. इंजिन नऊ सालचं. आणि आत बसलं की डॅशबोर्ड, स्टिअरिंग, सीटा, दारांचं अस्तर सगळं बाराचं. पाहुण्यांनी विचारलं की हायल एक साल सांगायचा, मुलगी जुमाना दुसरं, आणि बायको इंशिराह चहाचे पेले ठेवता ठेवता म्हणायची, "तिला वय विचारू नका. चारचौघांत बाईला वय विचारतं का कुणी?"

अम्मानजवळच्या आमच्या जर्का शहरात याचं कुणाला नवल वाटत नाही. परदेशातून मधोमध कापलेल्या गाड्या इथे ढिगाने येतात. त्यातून कुणी इंजिन उचलतं, कुणी दिवे, कुणी सीटा. नवीन गाडी घेणं हायलसारख्या पाणीपुरवठा कचेरीतल्या कारकुनाच्या आवाक्यातलं नाही, मग तो जुन्या गाडीतच थोडी थोडी नवी गाडी भरत राहतो. हायलनेही चार वर्षं तेच केलं होतं. शुक्री मेकॅनिकच्या गॅरेजमध्ये त्याने जितक्या सुट्ट्या घालवल्या तितक्या सासरीही घालवल्या नव्हत्या, आणि इंशिराह हे त्याला दर सणाला ऐकवायची.

पण तीन सालांचं वायरिंग एकमेकांशी बोलायला लावणं सोपं नसतं. टाकी काठोकाठ भरली तरी पेट्रोलचा काटा अर्ध्यावर. सगळी दारं बंद असली तरी दार उघडं असल्याचा दिवा लागलेला. ड्रायव्हरच्या बाजूचं बटण दाबलं की पलीकडची काच खाली यायची. घरच्यांना त्याची सवय झाली होती, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या विसराळूपणाची होते तशी.

एकच गोष्ट हायलला खटकत होती. एअरबॅगचा लाल दिवा विझतच नव्हता. शुक्रीने डोकं खाजवत सांगितलं की नव्या स्टिअरिंगमधल्या आणि डॅशबोर्डमधल्या हवेच्या पिशव्यांना जुन्या गाडीचा धक्क्याचा सेन्सर ओळखतच नाही. नीट करायचं तर पिशव्या, पट्टे, सेन्सर आणि त्यांचा मेंदू, सगळं एकाच सालच्या एकाच गाडीतून काढून बसवावं लागेल, गाडीचं नाक उघडावं लागेल. हायलने सुस्कारा सोडला. मग शुक्रीने सगळ्या गॅरेजांत करतात तेच केलं. एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून टाकली. चावी फिरवली की दोन्ही दिवे लागायचे, इंजिन सुरू झालं की दोन्ही विझायचे. "बघ, गेला," शुक्री म्हणाला, आणि हायलला खरंच बरं वाटलं. आपल्या लोकांचं मला हेच कळत नाही. दिवा विझला की दुखणं बरं झालं असं आपण धरून चालतो.

वसंतात हायलने गाडी विकायला काढली. कचेरीतलाच अयहम नावाचा तरुण पुढे आला. शांत मुलगा, शब्द मोजून बोलणारा. त्याने गाडीची एक फेरी मारली, सीटांवरून हात फिरवला आणि एअरबॅग आहेत का म्हणून विचारलं. हायलने स्टिअरिंगवर थाप मारली. "दोन आहेत. एक इथे, एक तिथे." यात खोटं काहीच नव्हतं. पिशव्या होत्याच.

गोंधळ पुढे झाला. अयहमने भाव केला नाही. गाडी तपासणी केंद्रावरही नेली नाही. रविवारी लायसन्स कचेरी उघडली की कागद नावावर करू, तिथेच पैसे देतो, एवढं सांगून मान लववून निघून गेला. आता जर्कात किलोभर काकड्या घेतानासुद्धा भाव न करणारा माणूस अजून जन्मायचा आहे, आणि हा अख्खी गाडी न तपासता घेतो? हायल रात्रीच्या जेवणाला बसला तरी हाच विचार करत होता. पोरगा वेडा आहे, की आपल्याला काही कळत नाहीये?

त्याने बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी त्याच्याकडे बघतच राहिली आणि मग हसू लागली.

"अहो, होणाऱ्या सासऱ्याची गाडी तपासणी केंद्रावर नेतं का कुणी? तोंड दाखवायला जागा राहील का त्याला?"

"सासरा कोण?"

"झालं! परवा सगळं सांगितलं तुम्हाला. अयहमची आई दोनदा येऊन गेली, जुमानाचा होकार आहे, शुक्रवारी जाहा येणार, त्यांची वडीलधारी मंडळी रीतसर मागणी घालायला. तुमचं डोकं डॅशबोर्डखाली होतं. तुम्ही 'हं, हं, चांगलं आहे' म्हणालात."

हायलला ते 'हं' आठवत होतं. तो तेव्हा फ्यूज शोधत होता.

आनंदाचीच बातमी होती. मुलगा चांगला, घर चांगलं, जुमानाच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ती लाली. इंशिराह उत्साहाने पुढचं सांगत होती. लग्नानंतर जुमानाला मफ्रकच्या शाळेत शिकवायला जायला बसची वाट बघावी लागणार नाही. अयहम रोज तिला सोडेल. म्हणून तर घेतोय तो गाडी. हायलने पोळीचा तुकडा परत ताटात ठेवला. मफ्रकचा रस्ता, ट्रकांची रांग, आणि पुढच्या सीटवर जुमाना. तिच्यासमोर ती रिकामी शोभेची पिशवी.

दुसऱ्या दिवशी तो शुक्रीकडे गेला. शुक्रीने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढं मनाला लावून घ्यायचं कारण काय ते विचारलं. आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आलेली नाही, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. मग जरा विचार करून त्याने तोडगाही काढला. जावयाला काहीतरी सबब सांग, आणि गाडी दुसऱ्या कुणाला तरी विकून टाक. अम्मानमध्ये हातोहात जाईल.

हायलच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. इतकी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही? पण घरी जाताना ते ओझं पुन्हा चढलं, आणि का चढलं ते त्याला समजेना. जुमाना सुरक्षित, लग्न सुरक्षित, खोटं कुठेच बोललो नाही, मग आता आणखी काय राहिलं? तो वळला आणि दियाब काकांकडे गेला.

दियाब काका म्हणजे त्याच्या वडिलांचे धाकटे भाऊ. आयुष्यभर अकाबाच्या रस्त्यावर बस चालवलेली. शुक्रवारी जाहा आली की मुलीकडून उत्तर देण्याचा मान त्यांचाच होता. अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली ते रेडिओ ऐकत बसले होते. हायलने सगळं सांगितलं, शुक्रीचा तोडगाही सांगितला. काकांनी रेडिओ बंद केला.

"तू त्या पोराशी खोटं बोललास?"

"नाही काका."

"मग खरं बोललास?"

हायल चपलेने अंगणातली माती उकरू लागला.

"इंजिन बदललंस, त्यात काही वाईट नाही," काका म्हणाले. "गरिबाने जुन्यातूनच नवं करायचं असतं. मीसुद्धा तीन बसच्या हाडांची एक बस करून चालवली. पण कुठला ब्रेक कुठल्या बसचा, हे प्रत्येक ड्रायव्हरला सांगून मग किल्ली द्यायचो. तू बदल केलास तो केलास, वर दिव्याचं तोंड बांधलंस. ते बिचारं एकटंच खरं बोलत होतं त्या गाडीत."

"सगळेच करतात काका. शुक्री म्हणतो आजवर एक तक्रार नाही."

"तक्रार करायला माणूस मागे राहावा लागतो, पोरा."

हायलने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "म्हणूनच म्हणतो, जावयाला देत नाही. अम्मानला विकतो."

"म्हणजे तुझी जुमाना नको," काका म्हणाले, "दुसऱ्याची जुमाना चालेल."

त्यांनी रेडिओ परत लावला. हायल उठून घराकडे निघाला. आता त्याला एक नवाच प्रश्न पडला होता. खरं सांगितलं तर अयहमच्या घरचे काय म्हणतील? ज्याने होणाऱ्या जावयाला फसवायला कमी केलं नाही, त्याच्या घरची मुलगी करायची? आपल्या एका वायरपायी जुमानाचं लग्न मोडलं तर तिला तोंड कसं दाखवायचं?

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर जाहा आली. गल्लीत गाड्यांची रांग लागली. पाहुण्यांचे प्रमुख होते हाज मुफ्लिह, हज करून आलेले, अयहमच्या कुळातले सगळ्यात मोठे. त्यांच्या शब्दावर घराण्याघराण्यांतली भांडणं मिटलेली. सगळे भिंतीलगत बसले, शेजारी म्हणून मीही. कडू कॉफीचा पेला हाज मुफ्लिहांच्या हाती दिला गेला आणि त्यांनी तो रीतीप्रमाणे न पिता समोर ठेवला. मग अल्लाचं नाव घेऊन, दोन्ही घराण्यांचं कौतुक करून, त्यांनी जुमानाला मागणी घातली. मुलीकडच्यांनी हो म्हटल्याशिवाय तो पेला आता उचलला जाणार नव्हता.

दियाब काकांनी उत्तर द्यायला घसा साफ केला. आतल्या खोलीत बायका दाराला कान लावून उभ्या होत्या. एवढ्यात हायल उठून उभा राहिला. मुलीच्या बापाने अशा वेळी उठायचं नसतं. खोलीत कुजबुज झाली.

"हाज, तो पेला जरा तसाच राहू द्या," हायल म्हणाला. "आधी माझं ऐका. मग तुम्ही मागणी परत घेतलीत तरी मी वाईट वाटून घेणार नाही."

आणि त्याने सांगून टाकलं. इंजिन कुठलं, सीटा कुठल्या, पिशव्या कशा नुसत्या नावाच्या, दिवा कसा दुसऱ्या दिव्याला बांधलेला. अयहमने विचारलं तेव्हा आपण स्टिअरिंगवर थाप कशी मारली, तेही सांगितलं. "मी खोटं बोललो नाही, असं स्वतःला सांगत होतो," तो म्हणाला. "आणि माझी मुलगी त्यात बसणार हे कळेपर्यंत मला झोप चांगली लागत होती. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते."

अयहम लाल होऊन जमिनीकडे बघत होता. त्याचा एक चुलता उठायच्या बेतात होता, पण हाज मुफ्लिह हलले नाहीत म्हणून तोही थांबला. हाजांनी शेवटी विचारलं ते वेगळंच.

"हा बांधलेला दिवा ओळखायचा कसा?"

हायल गोंधळला. "इंजिन सुरू करताना बघायचं हाज. एअरबॅगचा दिवा स्वतःच्या वेळेने, आपला आपण विझायला हवा. तो आणि ऑइलचा दिवा अगदी एकदम विझले, की समजायचं बांधलेला आहे."

हाज मुफ्लिह गुडघ्यावर हात टेकून उठले आणि चपला घालून बाहेर गेले. जाहाचा प्रमुख कॉफी न पिता घराबाहेर पडला! आत इंशिराहने डोक्याला हात लावला. पाठोपाठ सगळे पुरुष गल्लीत आले. हाज मात्र लांब गेले नव्हते. ते आपल्या गाडीत बसले होते. मोठी, चकचकीत गाडी, मुलाने गेल्या वर्षी घेऊन दिलेली. त्यांनी चावी फिरवली. दोन लाल दिवे लागले. इंजिन सुरू झालं, आणि दोन्ही दिवे एकदम विझले.

हाजांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा तसंच.

"हिच्यातून मी नातवंडांना शाळेत सोडतो," ते कुणाकडेही न बघता म्हणाले.

मग मात्र गल्लीत जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. लग्नाच्या मागणीला आलेली, इस्त्रीचे कपडे घातलेली ती प्रतिष्ठित माणसं आपापल्या गाडीत जाऊन बसली आणि चाव्या फिरवू लागली. मघाशी उठायच्या बेतात असलेला चुलता बराच वेळ आपल्या डॅशबोर्डकडे बघत राहिला आणि गुपचूप उतरून दुसऱ्याच्या गाडीला टेकून उभा राहिला.

सगळे आत परतले तेव्हा कॉफी पार गार झाली होती. दियाब काका नवी ओतायला सांगणार होते. हाज मुफ्लिहांनी हाताने थांबवलं.

"माझ्या मुलालाही कुणीतरी असंच 'दोन आहेत' म्हणून सांगितलं असेल," ते म्हणाले. "तो माणूस माझ्या दारात येऊन हे कबूल करणार नाही. ज्याने कबूल केलं, त्याच्या घरची मुलगी आम्हाला हवी. अबू जुमाना, मुलीचे बाप तुम्ही, आता तुम्ही सांगा, पेला उचलू का?"

हायलने काकांकडे बघितलं. काकांनीच त्याच्या वतीने सांगितलं, "प्या हाज. मागितलंत ते दिलं." हाजांनी ती गार कॉफी एका घोटात संपवली. आतून बायकांचा आनंदाचा गलका ऐकू आला आणि कुनाफ्याच्या मिठाईची परात बाहेर आली.

गाडी अयहमनेच घेतली, पण त्या रविवारी नाही. आधी सासरा-जावयांनी मिळून एका अपघात न झालेल्या गाडीतून पिशव्या, पट्टे, सेन्सर सगळा संच काढून आणला आणि शुक्रीला बसवायला लावला. शुक्रीने कुरकुर केली. पण त्या महिन्यात त्याच्याकडे दिवा सोडवून घ्यायला आलेल्यांची इतकी रीघ लागली की त्याला कुरकुर करायलाही वेळ उरला नाही.

मित्रांनो, जुन्यात नवं बसवणं हे पाप नाही. आपण सगळेच असे जोडून जोडून जगतो. पण जोड कुठे आहे आणि कुठला सांधा कच्चा आहे, हे पुढच्या माणसाला सांगणं आपल्यावर बंधनकारक आहे. न विचारताही सांगायचं. कारण आपण ज्याला गिऱ्हाईक म्हणतो, त्याच्या शेजारच्या सीटवर कुणाची तरी मुलगी बसलेली असते.

जुमाना रोज त्या गाडीतून मफ्रकला जाते. कुणी साल विचारलं की अयहम तिन्ही सालं ओळीने सांगतो. पेट्रोलचा काटा अजून अर्ध्यावरच असतो, पण तेही तो आधीच सांगून टाकतो.