पालथा मग

हिलरीला बँडमधून काढलं ते तिच्याच नियमाने. आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा!

नियम अकरा वर्षांपूर्वीचा. लीड्सच्या एका बंद गिरणीतल्या गारठलेल्या खोलीत हिलरी आणि कीथने ‘टिन पार्लमेंट’ काढला, तेव्हा दोघंही विशीच्या आतले आणि डोक्यात नुसती आग. आमच्यात कुणी मालक नाही, कुणी मोठा नाही, काल आलेल्यालासुद्धा एक मत! मत द्यायचं चहाच्या मगाने. गिटारच्या अ‍ॅम्पवर सुलटा ठेवला तर हो, पालथा ठेवला तर नाही. माणूस ठेवायचा की नाही, हेही असंच; ज्याला काढलं त्याने आपला मग उचलायचा आणि चालू पडायचं.

मग काय, किती आले आणि किती गेले! पाच ड्रमवाले झाले. एक गायक लग्न करून स्कॉटलंडला गेला तो गेलाच. चौथ्या वर्षी कीथचाच नंबर लागला. "अगं हिल, बँड आपण दोघांनी काढला ना? पुन्हा एकदा मत घे की," तो अगदी काकुळतीला आला होता. आपल्या बेस गिटारच्या तारा जुळवता जुळवता हिलरी म्हणाली, "नियम म्हणजे नियम." मान वर करून बघितलंसुद्धा नाही बाईने.

आणि आता गुरुवारी दुपारी, शनिवारचा हल शहरातला कार्यक्रम तोंडावर असताना, फिओना मग हातात घेऊन उभी राहिली. ही नवी गायिका.

"गाणी तुझी, चाली तुझ्या, वर ओरडाही तुझाच. आम्ही काय नुसतं हो-हो करायचं?"

"तीन आठवडे झालेत तुला येऊन! तीन!"

"मग? तीन आठवडेवालीलाही मत असतं, हे तूच सांगितलंस. केवढ्या कौतुकाने सांगितलंस!"

हिलरीला याची कुणकुण होती. म्हणून तर सकाळीच तिने ड्रमवाल्या डूगलला कॅफेत गाठून त्याचा हात धरला होता. "माझ्या बाजूने राहशील ना रे? मला दुसरं काही येत नाही, डूगल. खरंच काही येत नाही." अंड्याचा बलक पावाने पुसत तो म्हणाला होता, "घाबरतेस काय? मी आहे ना." दोन विरुद्ध दोन झालं तरी बहुमत नाही, म्हणजे ती वाचत होती.

फिओनाने मग पालथा घातला. गिटारवाल्या नेव्हिलने घातला. डूगलने खिडकीबाहेर बघत आपलाही घातला. हिलरीचा एकटा मग तेवढा सुलटा, आत गार झालेला चहा. नियमाप्रमाणे तिने तो चहा सिंकमध्ये ओतला आणि आपला मग उचलला. बसथांब्यावर ती चारचौघांत ढसाढसा रडली. एकोणतीस वर्षांची बाई, कडेवर बेस आणि कोटाच्या खिशात मग.

शुक्रवारी सकाळी रेकॉर्डच्या दुकानात चिठ्ठी लागली होती. बेस वाजवणारा हवा, लगेच हवा, टिन पार्लमेंटची गाणी येत असल्यास उत्तम. खाली गिरणीतल्या खोलीचा फोन नंबर. तिने चिठ्ठी दोनदा वाचली. लाज गेली खड्ड्यात! ती समोरच्या फोनच्या खोक्यात शिरली.

"हॅलो?" डूगलच होता.

"बेसवाल्याची चिठ्ठी वाचली. मला सगळी गाणी येतात."



"हिलरी? अगं, काय हे..."

"नवीन माणूस म्हणून घ्या. चाली नाही सांगणार. ओरडणार नाही. मत पण नको मला, डूगल. एका कोपऱ्यात उभी राहून वाजवेन."

"मला एकट्याला नाही ठरवता येणार गं. मत घ्यावं लागेल."

"घ्या ना. मी थांबते."

त्याने रिसीव्हर अ‍ॅम्पवरच ठेवला असावा. फिओना काहीतरी पुटपुटली, नेव्हिल फिसकन हसला. मग एक आवाज आला. जरा थांबून दुसरा. बऱ्याच वेळाने तिसरा.

सुलट्या मगाचा टणक आवाज वेगळा आणि पालथ्याचा पोकळ आवाज वेगळा. अकरा वर्षं ऐकलेल्या कानांना तो फरक कुणी सांगायची गरज नव्हती. तिन्ही पोकळ होते.

फोन पिप-पिप करू लागला. हिलरीने घाईघाईने खिशातलं शेवटचं नाणं आत सारलं आणि रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून डूगल काय सांगतो याची वाट बघत उभी राहिली.