सुनीती पेंडसेचे तीन शब्द

"टेक युअर मार्क्स."

आवाज फाटला. सुनीतीने घसा खाकरला आणि आरशाकडे न बघता पुन्हा म्हणाली, "टेक युअर मार्क्स." या वेळी तो इतका गोड आला, की पाहुण्यांना जेवायला बसवतेय असं वाटावं. लेडीज टॉयलेटमधलं हात वाळवायचं यंत्र घोंघावत होतं म्हणून निभावलं. पुन्हा तोंड उघडणार तोच दार ढकलून एक मुलगी आत आली, आणि सुनीती पेंडसे, वय वर्षं अठ्ठावन्न, नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत, उगाचच नळ सोडून हात धुऊ लागली. हात मघाशीच धुतले होते. 

आता कुणी म्हणेल, तीन शब्द तर म्हणायचे, त्यात एवढं काय? सुनीतीचा नवरा रवी तर उठता-बसता हेच म्हणे. पण पोहण्याच्या शर्यतीत स्टार्टरचं काम भलतं नाजूक असतं. रेफरीची लांब शिट्टी झाली की पोहणारे उडीच्या ओट्यांवर चढतात. स्टार्टरने माइकमध्ये ते तीन शब्द म्हटले की वाकतात. आणि सगळेच्या सगळे जागच्या जागी थिजले, की स्टार्टरने हातातलं बटण दाबायचं. एक जरी हलला, तरी दाबायचं नाही. 'स्टँड, प्लीज' म्हणून सगळ्यांना पुन्हा उभं करायचं. त्यातून पन्नास मीटर फ्रीस्टाइल म्हणजे एका दमाचा खेळ. सुरुवात हुकली की शर्यत हुकली.

सुनीती या भानगडीत पडली ती मुलामुळे. लग्न होऊन ठाण्याहून इंग्लंडात ब्रॅकनेलला आली, एका शाळेच्या ऑफिसात चिकटली, प्रणव झाला, प्रणवला जवळच्या रीडिंग गावच्या क्लबात पोहायला घातलं. तिथला रिवाज असा, की आईबापांनी नुसतं बाकावर बसून केळी खायची नाहीत. एक तर चहा करा, नाहीतर स्टॉपवॉच धरा. चहा काय, घरीही करतेच, असं म्हणून सुनीतीने स्टॉपवॉच धरलं. पुढे प्रणवला गिटारचं वेड लागलं आणि त्याने पोहणं सोडलं. सुनीतीने काही स्टॉपवॉच सोडलं नाही. परीक्षा देत देत ती स्टार्टर झाली. स्वतःचं म्हणाल, तर छातीपर्यंत पाणी आलं की तिला सगळे देव आठवत.

एवढं काय होतं त्यात? घरात रवीचा आवाज आणि ऑफिसात फोनचा. मीटिंगमध्ये ती काही बोलली की कुणीतरी "सॉरी?" म्हणे, आणि दुसऱ्यांदा सांगेपर्यंत विषय पुढे गेलेला असे. पण तलावाच्या काठावर तिने ते तीन शब्द म्हटले, की आठ माणसं श्वास रोखून तिची वाट बघत. गॅलरीतली पोरंसुद्धा गप्प बसत. त्या एवढ्याशा शांततेपायी तिने कितीतरी शनिवार क्लोरीनच्या वासात काढले होते. रवीला हे तिने कधी सांगितलं नव्हतं. त्याने चेष्टा केली असती, आणि या बाबतीत तिला ती सोसली नसती.

आज त्या शांततेचाच निकाल लागायचा होता. साठीच्या पुढच्या खेळाडूंचे आंतरराष्ट्रीय खेळ. उपक्रम नवा, दर दोन वर्षांनी भरणारा, ही दुसरीच खेप, तरी कुठकुठल्या देशांचे आजी-आजोबा टोप्या घालून आले होते. आजचं सत्र नीट पार पडलं तर सुनीतीचं नाव आंतरराष्ट्रीय स्टार्टरांत जाणार होतं. तपासायला मार्गरेट नावाची एक ज्येष्ठ बाई मागे खुर्ची टाकून बसणार होती. आणि साठीनंतर नवीन नाव घेत नाहीत. पुढचे खेळ येईतो सुनीती साठीची झालेली असणार. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

बाहेर पडली तर फोन थरथरला. रवी वर गॅलरीत बसला होता.

"अगं, इथून तू कम्पाउंडर दिसतेस. इंजेक्शन देणारेस का त्यांना?"

"रवी, प्लीज. आत्ता नको."

"बरं बरं. घाबरू नकोस. वर्स्ट केस काय, बटण दाबायला विसरशील."

"ठेव फोन!" ती म्हणाली. हसू मात्र आलं.

कॉरिडॉरच्या वळणावर एक ठेंगणी बाई भिंतीला टेकून उभी होती. काळा स्विमिंग कॉस्च्यूम, वरून नातवाचा असावा असा मोठा हुडी, आणि रबरी टोपीत केस कोंबायची झटापट. सुनीतीच्या छातीवरचं नाव वाचून तिचा चेहरा उजळला.

"अगं बाई! पेंडसे? मराठी का तुम्ही?"

"हो," सुनीती म्हणाली आणि इकडेतिकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी स्पर्धकांशी सलगी करायची नसते.

"मी नंदा जाधव. वाईची. लेकीकडं असते आता, एजवेअरला. कृष्णेत पोहायची हो मी, या काठावरनं त्या काठाला. नातवाला सांगितलं तर म्हणतो, आजी, फेकतेस तू, प्रूव्ह इट. आणि घातलं की कार्ट्यानं नाव! आता वर बसलाय सगळ्या दोस्तांना घेऊन." बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. "हातपाय गार पडलेत हो माझे. नाही जमलं तर पोरासमोर काय तोंड दाखवू?"

सुनीतीला वाटलं, म्हणावं, माझेही गारच पडलेत. तिने टोपीची मागची कड फक्त सरळ करून दिली. "श्वास सोडा लांब," म्हणाली, "आणि माझ्या आवाजाकडे लक्ष ठेवा. बाकी कुणाकडे बघू नका."

"तुम्ही सांगणार का सुटायला? मग काय काळजी नाही."

पहिल्या दोन शर्यती सुरळीत सुटल्या. मागे मार्गरेटची खुर्ची एकदाही करकरली नाही. रेफरी कॉलिनने जाता जाता डोळा मिचकावला. सुनीतीला जरा धीर आला, आणि नेमकी तेव्हाच बायकांची पन्नास मीटर फ्रीस्टाइल आली. लेन चारच्या ओट्यामागे नंदाताई. पाचमध्ये इन्गा नावाची डेन्मार्कची उंच, काटकुळी बाई, सत्तरीची तरी असेल.

लांब शिट्टी झाली. आठ जणी ओट्यांवर चढल्या, कुणी गुडघा धरत, कुणी कमरेवर हात ठेवून.

"टेक युअर मार्क्स," सुनीती म्हणाली. आवाज छान लागला.

आठ पाठी वाकल्या. गॅलरी गप्प झाली. अंगठा बटणावर टेकला. एक, दोन, तीन लेन स्थिर. पाच, सहा, सात, आठ स्थिर. आणि चारमध्ये नंदाताईंचा उजवा हात पाण्याकडे निघाला. ओटा उंच, पाण्यापर्यंत हात पोचेना. तेव्हा त्यांनी बोटं ओट्याच्या कडेलाच टेकवली आणि सावकाश कपाळाकडे नेली.

नदीत उतरण्याआधी त्या जन्मभर हेच करत आल्या असणार. आधी पाण्याला नमस्कार, मग पाण्यात पाय.

सुनीतीने त्याच क्षणी 'स्टँड, प्लीज' म्हणायला हवं होतं. इतक्या वर्षांत हजारदा म्हटलं होतं. पण नमस्कार करणाऱ्या माणसाला मधेच हाक मारायची नाही, हे त्याहून जुनं होतं. आई देवापुढे वाकलेली असली की घराला आग लागली तरी थांबायचं, असंच ती शिकलेली. सुनीती थांबली. होऊ दे बाईचा नमस्कार, मग दाबते. हात कपाळाला लागला, मग छातीला लागला, मग खाली येऊ लागला, आणि बाकीच्या सात जणी वाकलेल्याच, म्हाताऱ्या मांड्या लटलटतायत...

धप्पकन आवाज झाला. इन्गा पाण्यात पडली होती.

"स्टँड, प्लीज!" सुनीती ओरडली. फार उशिरा.

गॅलरीतून 'ओह्' असा सुस्कारा उठला. इन्गा वर आली, चष्मा कपाळावर, तोंडावर हात. तिला कळलं होतं. सुटण्याआधी जो पाण्यात, तो बाद. दुसरी संधी नाही. ओट्यावर नंदाताई बावरून एकदा इन्गाकडे, एकदा सुनीतीकडे बघत होत्या.

कॉलिन जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "लेन फाइव्ह. क्लिअर. यू अग्री?"

बाद करायला रेफरी आणि स्टार्टर दोघांचं एकमत लागतं. सुनीतीने नुसती मान हलवायची होती. कुणी काही विचारणार नव्हतं. पाच नंबर पडली, सगळ्यांनी पाहिली. चार नंबरचा हात कुणी पाहिला असला, तरी म्हातारी नाक पुसत असेल असं वाटलं असेल. मान हलवली की काम झालं. नाव पुढे जाईल. प्रणवला फोन करता येईल. रवीला, निदान एकदा, गप्प बसवता येईल.

पाण्यात इन्गा शिडीकडे निघाली होती. कुणी सांगायचीही वाट न बघता, आपली आपणच. किती लांबून आली असेल ती!

आणि खरं सांगावं, की चार नंबर हलली, मी पाहिलं? मग कॉलिन म्हणेल, तर मग चारने सुरुवात बिघडवली, चार बाहेर. वर तो नातू सगळ्या दोस्तांना घेऊन बसलाय.  मेली कुठून ती मला कॉरिडॉरमध्ये भेटली, असं क्षणभर वाटून गेलं. पण नंदाताईंनी केला तो नमस्कार. थांबलं कोण? बटण कुणाच्या हातात होतं?

"सुनीटी?" कॉलिन म्हणाला.

"नो," ती म्हणाली. "स्टार्टर्स एरर. मी त्यांना फार वेळ ताटकळत ठेवलं. शी वॉज हेल्ड टू लाँग. माझी चूक आहे, तिची नाही."

कॉलिनने तिच्याकडे नीट पाहिलं. मग डोळ्यांनीच मागची खुर्ची दाखवली. "आर यू शुअर? मार्गरेट ऐकतेय."

"शुअर."

आवाज फाटला नाही. 'सॉरी?' असंही कुणी विचारलं नाही. कॉलिनने शिडीपाशी पोचलेल्या इन्गाला हात करून परत बोलावलं, आणि गॅलरीतून टाळ्या वाजल्या. टाळ्या अर्थातच इन्गाला होत्या.

मार्गरेट उठून आली. वाईट बाई नव्हती. तिने सुनीतीच्या दंडाला हात लावला. "तू बोललीस ते बरं केलंस," ती इंग्रजीत म्हणाली, "पण आज मी तुझं नाव पुढे पाठवू शकत नाही. तुला कळतंय ना? उरलेलं सत्र नायजेल बघेल."

"ऑफ कोर्स," सुनीती म्हणाली.  तिने माइकची वायर नीट गुंडाळून राखीव स्टार्टर नायजेलच्या हातात दिली, बटण दिलं. लेन चारचा वेळ घेणारा माणूस जेवायला जायचा खोळंबला होता, म्हणून कुणीतरी तिच्या हातात स्टॉपवॉच टेकवलं. ती जाऊन चारच्या ओट्यामागे उभी राहिली. नंदाताईंची पाठ आता हातभर अंतरावर होती, शहारलेली, खांद्यावर देवीच्या लसीचे जुने वण.

नायजेलने खणखणीत आवाजात शर्यत सोडली. सात जणी गेल्या. नंदाताई एक श्वासभर तशाच वाकलेल्या राहिल्या, मग दचकून त्यांनी उडी घेतली. कसली उडी, पोटावरच आपटल्या! पण वर आल्या आणि मग जे हात चालवायला लागल्या, त्याला पोहणं म्हणा नाहीतर पाण्याशी भांडण म्हणा. मान पाण्याबाहेर, पायांची खळबळ, एकेक हात दूर फेकलेला. सुनीती टाचा उंचावून बघत होती, प्रणवच्या शर्यतीलाही कधी बघितलं नसेल अशी. चला, चला, चला, ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती. वेळ घेणाऱ्यांनी हेही करायचं नसतं. अर्ध्यात नंदाताईंनी एकीला मागे टाकलं. शेवटाजवळ आणखी एकीला. हात भिंतीला लागला आणि सुनीतीने स्टॉपवॉच दाबलं.

इन्गा पहिली आली. नंदाताई सहाव्या. वरून पोरांचा एकच गलका उठला, "आजी! आजी!" गोऱ्या पोरांच्या तोंडी ते 'आची' असं ऐकू येत होतं. गॅलरीत रवी उभा होता. तो हात हलवत नव्हता, फोनही करत नव्हता. नुसता तिच्याकडे बघत होता.

सुनीतीने वाकून नंदाताईंना वर ओढलं. त्या काठावर मटकन बसल्या, धापा टाकत.

"सहाव्या आलात," सुनीती म्हणाली.

"आठातनं सहावी? मग पोराचं तोंड बंद झालं म्हणा की!" त्या हसल्या, आणि मग त्यांचा चेहरा एकदम तक्रारीचा झाला. "पण तुम्ही कुठं गेलात हो? तुम्ही म्हणालात ना, माझ्या आवाजाकडे लक्ष ठेवा. मी तर तुमचीच वाट बघत राहिले. तो बाप्या काय ओरडला, सगळ्या गेल्या, मी आपली तिथंच. नाहीतर पाचवी आले असते."

 सुनीतीने खाली बघून स्टॉपवॉच शून्यावर आणलं.

"आमची पाळी बदलते मधून मधून," ती म्हणाली.

"असं होय. पण त्याच्यापेक्षा तुमचाच आवाज बरा. पुढच्या खेपेला तुम्हीच असाल ना? मग मी येते पुन्हा."

"बघू या," सुनीती म्हणाली. पलीकडच्या खुर्चीवरचा टॉवेल तिने उचलला, झटकला आणि नंदाताईंच्या खांद्यांवरून पुढे घेऊन दोन्ही टोकं त्यांच्या हातांत दिली. "आधी हे घट्ट धरा. गारठाल."